प्रश्नावलीतला मुसलमान

४ जुलै २०१५ हा शनिवार होता. त्या एका दिवसात महाराष्ट्रभर शाळाबाह्य मुलांचे सर्वेक्षण झाले. आम्ही शिक्षक मंडळीच प्रगणक. रमजान चालू होता, रोज्याची तिसऱ्या प्रहरची वेळ, हातात छापील तक्ता आणि मुलांच्या बोटाला लावायची शाईची बाटली. एका गल्लीत एका बाईंना विचारले, "आपा, बच्चा कहाँ पढ़ता?" त्या दाराआडून म्हणाल्या, "मदरसे कू जाता." तक्त्यात हे कुठे लिहायचे?

दोनच दिवस आधी वर्तमानपत्रांत बातमी आली होती की, जे मदरसे गणित, विज्ञान, समाजशास्त्र व इंग्रजी शिकवत नाहीत ते शाळा मानले जाणार नाहीत आणि तिथली मुले शाळाबाह्य धरली जातील. बातमीवर दोन्ही बाजूंनी पुष्कळ रण माजले. त्या वादात आम्हाला इथे शिरायचे नाही. दाराशी उभ्या असलेल्या प्रगणकाची अडचण निराळी होती. आम्ही पुन्हा विचारले, "पूरा दिन?" तेव्हा उलगडा झाला. मुलगा फजरनंतर तासभर मशिदीच्या मक्तबमध्ये नाजरा वाचायला जातो आणि साडेदहाला दप्तर घेऊन नगरपालिकेच्या उर्दू शाळेत. आईच्या बोलीत दोन्ही मदरसेच. त्यात तिचे काही चुकले असेही नाही. उर्दूत मदरसा म्हणजे शाळा, आमच्या मुख्याध्यापकांना आम्ही आजही सदर मुदर्रिसच म्हणतो. दुसरा प्रश्न विचारला नसता तर तिसरीत शिकणारा, पाढे पाठ असणारा एक पोरगा सरकारदरबारी शाळाबाह्य झाला असता. आमच्याबरोबरच्या एका गुरुजींनी दुसरा प्रश्न विचारला नाही. त्यांच्याकडे दीडशे घरे होती आणि इफ्तारला घरी पोहोचायचे होते. त्यांना दोष देण्याचा आम्हाला अधिकार नाही. दुसरा प्रश्न विचारायचा असतो, हे त्यांना किंवा आम्हाला कधी कोणी शिकवलेच नव्हते.

सामाजिक संशोधनाची पद्धती मराठीत आज कशी शिकवली जाते, याचा विचार आम्हाला या दारापासून सुरू करावासा वाटतो.

बी.एड.ला आम्हाला कृतिसंशोधन होते. विषय ठरलेले असत: शुद्धलेखनातील चुका, गृहपाठ न करणारे विद्यार्थी, उच्चारदोष. पूर्वचाचणी घ्यायची, पंधरा दिवस उपाययोजना करायची, उत्तरचाचणी घ्यायची, दोन शेकडेवाऱ्यांतला फरक दाखवायचा, स्पायरल बाइंडिंग करून द्यायचे. ज्या महाविद्यालयात आम्ही शिकलो तिथल्या कपाटात असे शेकडो प्रकल्प होते आणि गंमत अशी की त्यांतला एकही फसला नव्हता. प्रत्येकाच्या उपायाने मुले सुधारलेली! उपाय केला आणि काही फरक पडला नाही, असे लिहिलेला प्रकल्प आम्ही तरी पाहिला नाही. मग आम्हीही आमचे आकडे सुधारून घेतले, हे आता कबूल करायला हरकत नाही. गुण चांगले मिळाले.

पुढे एम.ए. करताना राज्यशास्त्र आणि समाजशास्त्राची 'संशोधन पद्धती'ची पुस्तके हाताळली. बाजारात ती डझनावारी आहेत. एकेकाचे नाव घेऊन टीका करण्यात अर्थ नाही, कारण त्यांचा साचा एकच आहे. प्रकरण पहिले: संशोधन म्हणजे काय, त्याच्या पाच-सहा पाश्चात्त्य पंडितांच्या व्याख्या. मग वैशिष्ट्ये, प्रकार, गुण, दोष. प्रश्नावलीचे आठ गुण, सहा दोष. मुलाखतीचे सात गुण, सात दोष. विद्यार्थी हे पाठ करतो, लिहितो, उत्तीर्ण होतो. पण एक खरी प्रश्नावली, तिच्यातला एक फसलेला प्रश्न आणि तो का फसला याची हकिगत कुठे सापडत नाही. पोहण्याच्या पुस्तकात पाण्याच्या व्याख्याच तेवढ्या असाव्यात, तसे काहीसे हे आहे. ही पुस्तके लिहिणाऱ्या प्राध्यापकांनी आयुष्यात कधी कोणाचे दार वाजवलेच नसेल, असे आम्ही म्हणत नाही. पण वाजवले असेल तर ते पुस्तकात का येत नाही?

परिभाषेचाही घोळ आहे, आणि तो वरवरचा नाही. पाहणीआधी आपण जो तपासून पाहायचा अंदाज बांधतो त्याला एक पुस्तक परिकल्पना म्हणते, दुसरे अभ्युपगम, तिसरे सिद्धांतकल्पना आणि चौथे सरळ गृहीतक. शेवटचा शब्द सर्वांत सोपा म्हणून सर्वांत लोकप्रिय, आणि तोच सर्वांत घातक. गृहीतक म्हणजे जे आपण गृहीत धरले ते, ज्याची तपासणी करायची नाही ते. तपासायच्या गोष्टीलाच आपण न तपासायच्या गोष्टीचे नाव दिले. मग विद्यार्थ्याला वाटते, गृहीतक हे खरे ठरवून दाखवायचे असते. "गृहीतक सिद्ध झाले" हे वाक्य प्रबंधाच्या शेवटच्या प्रकरणात ठरल्यासारखे येते. उर्दूतला मफरूजा हा शब्द यापेक्षा फार बरा आहे असे नाही, तोही 'फर्ज करो'मधूनच आलेला. तरी 'फर्ज करो' म्हणताना माणसाच्या मनात 'समजा' एवढेच असते, 'मानाच' असे नसते. तहकीक या शब्दात हक आहे, म्हणजे सत्यापर्यंत जाणे. मराठीतल्या संशोधनात शुद्ध करणे आहे. हिंदीत तर संशोधन म्हणजे घटनेतली दुरुस्ती! तिन्ही भाषांच्या काठावर वाढलेल्या आमच्यासारख्यांना हे खटकते, ज्यांनी एकाच भाषेत शिक्षण घेतले त्यांना कदाचित जाणवतही नसेल.

या पुस्तकांना पर्याय काय, असे कोणी विचारले तर आम्ही एक सरकारी अहवाल पुढे ठेवू. न्यायमूर्ती राजिंदर सच्चर यांच्या अध्यक्षतेखालील समिती मार्च २००५ मध्ये नेमली गेली आणि तिने नोव्हेंबर २००६ मध्ये अहवाल दिला. आपल्याकडे या अहवालाचे काय झाले? त्यातली दोन-चार वाक्ये सभांतून फिरली. एका बाजूने त्याचा निषेध झाला, दुसऱ्या बाजूने त्याच्या आरत्या झाल्या. मागासलेपणाचा दाखला म्हणून तो आम्ही भाषणात वापरला. पण पद्धतीचे पुस्तक म्हणून तो कोणी वाचला नाही. समितीने स्वतः घरोघर जाऊन मोठी पाहणी केलेली नाही. २००१ ची जनगणना, राष्ट्रीय नमुना पाहणीच्या फेऱ्या, बँकांचे कर्जाचे आकडे, शासकीय खात्यांकडून मागवलेली माहिती, असे आधीच पडून असलेले साहित्य तिने एका प्रश्नाभोवती रचले. दुय्यम सामग्रीचा उपयोग म्हणून गाइडांत जे चार ओळींत संपते, ते इथे शेकडो पानांत प्रत्यक्ष घडताना दिसते. आणि आमच्या त्या दारातल्या बाईंचा प्रश्न या अहवालात नऊ वर्षे आधीच आलेला आहे! निवासी मदरसा आणि मोहल्ल्यातला मक्तब यांची लोक गल्लत करतात, मक्तबला जाणारी मुले बहुधा नेहमीच्या शाळेतही जातात, असे अहवाल स्पष्ट सांगतो. ती गल्लत दूर केल्यावर मदरशात शिकणारी मुले शालेय वयातल्या मुस्लिम मुलांपैकी तीन-चार टक्क्यांच्या पलीकडे जात नाहीत. "मुसलमान आपली पोरे मदरशातच घालतात" या समजाचा पाया म्हणजे एक व्याख्या न करणे. पाया एवढाच.

याच अहवालाच्या काळातला एक आकडा आम्ही दहावीच्या वर्गात फळ्यावर मांडतो. २००१ च्या जनगणनेत महाराष्ट्राची साक्षरता ७६.९ टक्के होती आणि राज्यातल्या मुसलमानांची ७८.१. देशपातळीवर मुसलमान मागे, पण महाराष्ट्रात पुढे! हा आकडा दोन प्रकारच्या लोकांना आवडतो. ज्यांना 'यांना सवलती कशाला' म्हणायचे असते त्यांना, आणि ज्यांना जलशात 'आपली कौम किती पुढे' म्हणून टाळ्या घ्यायच्या असतात त्यांना. आम्ही मुलींना विचारतो, महाराष्ट्रातले मुसलमान राहतात कुठे? त्याच जनगणनेनुसार सुमारे ७० टक्के शहरांत. एकूण राज्यात शहरी लोक मात्र ४२ टक्केच. आणि शहरात साक्षरता ८५.५, खेड्यात ७०.४. आता त्रैराशिकाहून अवघड नसलेले एक गणित करा. समजा मुसलमान शहरात शहराइतके आणि खेड्यात खेड्याइतकेच साक्षर असते, तर शंभरातल्या सत्तरांना ८५.५ आणि तिसांना ७०.४ लावून एकूण साक्षरता ८१ च्या आसपास यायला हवी होती. आहे ७८. म्हणजे जो समाज राज्याच्या सरासरीपेक्षा टक्काभर पुढे दिसत होता, तो प्रत्यक्षात सुमारे तीन टक्के मागे आहे. आकडे तेच, जनगणना तीच. त्यांना पुढे दाखवले होते ते शहराने, आणि शहरात राहूनही शहराइतके ते शिकलेले नव्हते. गणित ढोबळ आहे, सात वर्षांखालच्या मुलांचा हिशोब त्यात नीट धरलेला नाही, हेही आम्ही मुलींना सांगतो. पण दिशा बदलत नाही.

ही चूक काही आपलीच नाही. १९५० साली रॉबिन्सन नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने तिथल्या १९३० च्या जनगणनेवरून असेच दाखवले होते. ज्या राज्यांत परदेशात जन्मलेले लोक अधिक, त्या राज्यांत निरक्षरता कमी. मग परदेशी माणूस स्थानिकांपेक्षा जास्त शिकलेला का? व्यक्तिवार पाहिले तर उलट निघाले. स्थलांतरित जिथे जाऊन वसले ती राज्ये मुळातच शिकलेली होती. समूहाच्या आकड्यावरून व्यक्तीबद्दल निष्कर्ष काढता येत नाही, एवढे साधे सूत्र. मराठी पुस्तकांत ते कुठे असलेच तर एका ओळीत, उदाहरणाशिवाय. आणि आपल्या वर्तमानपत्रांत दर निवडणुकीनंतर ते पायदळी तुडवले जाते. अमुक मोहल्ल्याच्या केंद्रावर अमुक पक्षाला एवढी मते, म्हणून "मुसलमानांनी एकगठ्ठा मतदान केले". केंद्रावर कोण आले, कोण आले नाही, बायांनी कोणाला दिले, मोमिनांनी कोणाला आणि बागवानांनी कोणाला, हे त्या बेरजेत कुठे आहे?

'व्होट बँक' या शब्दाची कथाही सांगण्यासारखी आहे. तो समाजशास्त्रात आणल्याचे श्रेय एम. एन. श्रीनिवास यांना दिले जाते, म्हैसूरकडच्या एका खेड्यावरच्या १९५५ च्या लेखामुळे. तिथे त्याचा अर्थ गावच्या वजनदार माणसाच्या शब्दावर पडणारी त्याच्या आश्रितांची मते, असा होता. देवाणघेवाणीचा, जमीन आणि कर्जाचा तो संबंध होता. शब्द प्रवास करत करत एका धर्मसमूहाच्या कपाळावर येऊन बसला आणि आश्रयदाता गायब झाला. उरले फक्त आश्रित. शब्दाची व्याख्या बदलली की गुन्हेगार बदलतो, हे राज्यशास्त्राच्या पहिल्या वर्षाला शिकवायला हवे.

श्रीनिवासांचेच दुसरे उदाहरण आम्हाला जास्त प्रिय आहे. १९४८ मध्ये ते रामपुरा या गावी राहिले. त्यांच्या टिपणांच्या संस्कारित प्रती १९७० साली अमेरिकेत स्टॅनफर्ड इथे लागलेल्या आगीत जळाल्या आणि मग मुख्यतः आठवणीच्या बळावर त्यांनी १९७६ मध्ये ते प्रसिद्ध पुस्तक लिहिले. पण आग ही त्यातली मोठी गोष्ट नव्हे. आपण गावात उच्चजातीय माणूस म्हणून वावरलो, गाव आपल्याला वरून दिसला, दलित आणि मुसलमान वस्तीत जसे मिसळायला हवे होते तसे मिसळता आले नाही, अशी कबुली त्यात आहे. संशोधकाने आपण कुठे उभे राहून पाहिले ते सांगणे, हे आठ गुण-सहा दोषांच्या यादीत बसत नाही. म्हणूनच ते गाइडांत नाही. इम्तियाज अहमद यांनी १९७३ मध्ये मुसलमानांतील जातिसदृश रचनांवरचे लेख एकत्र केले. त्याआधी १९६० मध्ये घौस अन्सारी यांनी उत्तर प्रदेशातील मुस्लिम जातींवर लिहिले होते. या मंडळींनी 'मुस्लिम समाज' नावाचा एकसंध दगड फोडून आतले थर दाखवले. ते करताना कुठे बसले, कोणाशी बोलले, हे सांगितले. आज मुस्लिम ओबीसी चळवळीची जी भाषा आपल्या तोंडी आहे तिच्यामागे असे पायपीट केलेले काम आहे.

आणि इथे आपल्या स्वतःच्या लेखनाबद्दलही बोलले पाहिजे. १९९० मध्ये सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन झाले. तेव्हापासून आपल्या अंकांतून वैचारिक लेखन भरपूर झाले. त्यात तळमळ आहे, धाडस आहे, प्रसंगी आपल्याच माणसांचा रोष पत्करलेला आहे. पण "मुस्लिम समाजाची मानसिकता अशी आहे" या वाक्यानंतर आम्ही पुरावा शोधू लागतो आणि तो मिळत नाही. लेखकाच्या गावातले चार अनुभव, एखादी जुनी आठवण, की संपले. मुसलमानांना गतानुगतिक म्हणणारा पुण्याचा लेखक आणि त्याला उत्तर देणारा आपला लेखक, दोघेही एकाच पद्धतीने लिहितात: आधी निष्कर्ष, मग सोयीची उदाहरणे. इब्न खल्दूनने १३७७ मध्ये आपल्या मुकद्दम्यात जुन्या इतिहासकारांना हेच सुनावले होते. सैन्याचे लाखांचे आकडे हे लोक पिढ्यान्‌पिढ्या उतरवून घेतात, पण एवढे सैन्य त्या भूमीवर मावेल का, याचा हिशोब करीत नाहीत. त्याचे नाव आपण अभिमानाने घेतो. हिशोब मात्र करीत नाही.

सप्टेंबर २००४ मध्ये हिशोब न केल्याची किंमत आपण मोजलेली आहे. जनगणना आयुक्तांनी धर्मवार आकडे प्रसिद्ध केले आणि दशकात मुसलमान ३६ टक्के वाढले, आधीच्या दशकापेक्षाही वेगाने, असा गहजब झाला. १९९१ ची जनगणना जम्मू-काश्मीरमध्ये झालेलीच नव्हती. २००१ ची झाली. म्हणजे जुन्या बेरजेत नसलेले राज्य नव्या बेरजेत आले आणि त्याला 'वाढ' म्हटले गेले. आधीच्या दशकातही तसाच प्रकार, १९८१ मध्ये आसाम गळालेला. ही दोन राज्ये दोन्ही बाजूंनी वगळली की वाढ २९ टक्क्यांच्या आसपास येते आणि आधीच्या दशकातल्या सुमारे ३३ टक्क्यांवरून ती कमी झालेली दिसते. चढ होता तिथे उतार! दुरुस्ती काही दिवसांतच आली, पण पहिला मथळा ज्यांनी वाचला त्या सर्वांनी दुसरा वाचला असे नाही. तेव्हा आम्ही शाळकरी वयाचे होतो. आमच्या वर्गातल्या एका मुलाने दुसऱ्याला विचारले होते, "तुम्ही घरात किती जण?" आम्हीही तेव्हा हसलो होतो.

जातीची नोंद घेणारी जनगणना होणार असे २०२५ मध्ये जाहीर झाले. मुसलमानाच्या दाराशी प्रगणक गेला की त्या रकान्यात काय लिहिले जाईल, हा आपल्या पिढीसमोरचा संशोधन पद्धतीचा सर्वांत मोठा प्रश्न आहे. "हमारे में जात नहीं" असे शुक्रवारच्या पोशाखातले उत्तर मिळेल, की पिंजारी, छप्परबंद, फकीर, अत्तार असे रोजच्या पोशाखातले? आणि मातृभाषेच्या रकान्यात? आई लहानपणी ज्या भाषेत बोलली ती मातृभाषा, अशी जनगणनेची सूचना आहे. घरात दखनी, कोकणात तर चक्क मराठी, आणि उत्तर ठरलेले: उर्दू. उर्दू शाळेचे शिक्षक म्हणून त्या उत्तरावर आमची नोकरी चालते, त्यामुळे आम्ही या बाबतीत निःपक्ष आहोत असे कोणी समजू नये.

गेल्या वर्षी आम्ही नववीच्या मुलींना सुट्टीचा उद्योग म्हणून आपापल्या गल्लीतल्या दहा घरांची पाहणी करायला लावली. प्रश्न आम्हीच काढून दिले होते. पाचवा प्रश्न: आई काम करते का? वह्या परत आल्या, बहुतेक सगळीकडे 'नाही'. एका मुलीची वही वाचता वाचता आम्ही थांबलो, कारण तिच्या आईला आम्ही ओळखत होतो. ती बिड्या वळते. दुसरीची आई साड्यांना फॉल लावते. मुलींना विचारले, तर म्हणाल्या, "सर, वो काम थोड़ी है, वो तो घर में करती." ही त्यांची चूक नव्हती, आमच्या प्रश्नाची होती. पाहणी घेणाऱ्या मोठमोठ्या सरकारी यंत्रणाही घरात बसून केलेल्या बायकांच्या कामाला नेमक्या इथेच मुकतात.

मग प्रश्न मुलींनीच बदलला. दोन दिवस वाद झाला. शेवटी ठरले ते असे: "पिछले हफ्ते घर में बैठ के किसीने पैसे का कुछ किया क्या? क्या किया?" त्याच दहा-दहा घरांत पुन्हा गेल्या. या खेपेला 'नाही' लिहिलेली घरे इतकी कमी आली की तो जुना तक्ता फाडून टाकावा असे एका मुलीने सुचवले. आम्ही फाडू दिला नाही. दोन्ही तक्ते वर्गाच्या भिंतीवर शेजारी शेजारी लावलेले आहेत.